पंखा कोणाचा, बिल कोणाचे

(इचलकरंजी येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण ही व्याख्यानमाला चालवता, ते या गावातल्या मुलांना विज्ञान शिकवायचे. त्यांच्या नावाने उभे राहायचे तर हिशेब मांडूनच बोलले पाहिजे, असे मला वाटते. माझा विषय घरातली आणि आपल्या गावातल्या धंद्यांमधली वीजबचत हा आहे. या विषयावर उपदेश आपण सगळ्यांनी पुष्कळ ऐकला आहे. हिशेब मात्र कमी ऐकला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

एक बादली पाणी घ्या. आंघोळीचे वीस लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला सुमारे ०.५८ युनिट वीज लागते. कोणत्याही कंपनीचा गिझर आणला तरी याहून कमी लागणार नाही, कारण हा पाण्याचा गुणधर्म आहे. टाकीतून आणि नळीतून वाया जाणारी उष्णता धरली तर आकडा वाढेल, इतकेच. हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. तेव्हा त्याच ०.५८ युनिटांवर नऊ वॉटचा एलईडी दिवा चौसष्ट तास चालतो. रोज सहा तास लावला तर दहा दिवसांचा उजेड झाला. एका माणसाची एक बादली आणि एका खोलीचा दहा दिवसांचा उजेड, दोन्हींची वीज सारखी.

आपल्या घरांत दिवा चालू राहिला की मुलांना ओरडा बसतो. गिझर मात्र पहाटे पाचला लावलेला नऊपर्यंत तसाच असतो आणि कोणाच्या ते ध्यानातही येत नाही. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करण्याची शिकवण साठ आणि शंभर वॉटचे पिवळे बल्ब होते तेव्हाची आहे. ती तेव्हा रास्त होती आणि आजही चुकीची नाही. पण घरातली वीज आता दुसरीकडे जाते. ती पाणी तापवण्यात जाते, वारा घेण्यात जाते आणि गारवा टिकवण्यात जाते. गिझरचा थर्मोस्टॅट साठ-पासष्टवर असेल तर पन्नासवर आणा, घरच्यांच्या आंघोळी लागोपाठ उरका, गच्ची स्वतःची असेल तर सौर बंब बसवा. पाण्याबद्दल यापेक्षा जास्त सांगायचे कारण नाही.

पंख्याबद्दल मात्र सांगायचे आहे. आपल्याकडे छतावर फिरणारा साधा पंखा पूर्ण वेगावर सत्तर ते ऐंशी वॉट घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा अठ्ठावीस ते पस्तीस वॉटमध्ये देतो. साध्या पंख्यात फिरत्या भागातले चुंबकत्व विजेनेच निर्माण करावे लागते आणि त्यात बरीच वीज उष्णतेच्या रूपाने जाते. बीएलडीसी पंख्यात कायमचे चुंबक असते आणि आतले छोटे इलेक्ट्रॉनिक सर्किट हवा तेवढाच प्रवाह हव्या त्या क्षणी सोडते. फरक पंचेचाळीस वॉटचा धरू. रोज बारा तास आणि वर्षातले दोनशे सत्तर दिवस पंखा चालला तर एका पंख्यामागे वर्षाला सुमारे १४६ युनिटे वाचतात. युनिटाला दहा रुपये धरले तर हे साडेचौदाशे रुपये झाले. साधा पंखा दीड हजाराला येतो, हा तीन हजारांच्या आसपास. जास्तीचे दीड हजार वर्षभरात वसूल होतात आणि पंखा पुढे दहा वर्षे फिरतो.

कोणी दिवसातून चार वेळा उठून पंखा बंद करत असेल तर ती सवय चांगली आहे, तिला माझा आदर आहे. पण तापलेल्या पत्र्याखाली झोपलेल्या कामगाराला पंखा बंद कर असे सांगायला मी धजणार नाही. त्याला वारा हवाच. तोच वारा निम्म्या विजेत मिळेल की नाही, हे बटणापाशी ठरत नाही. ते पंखा विकत घेताना दुकानाच्या काउंटरवर ठरते. माणूस रात्री कितीही काटकसरीने वागला तरी पंचाहत्तर वॉटचा पंखा तीस वॉटचा होत नाही.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक अमूल्य रेड्डी यांनी ही गोष्ट फार पूर्वी देशाला समजावून सांगितली. माणसाला युनिटे नको असतात. त्याला उजेड हवा असतो, गार पाणी हवे असते, दळलेले पीठ आणि विणलेले कापड हवे असते. तेव्हा नियोजनाची सुरुवात या गरजांपासून करावी आणि मग त्या कमीत कमी विजेत कशा भागतील ते पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. कर्नाटकासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी पर्यायी योजना आकडेवारीसह मांडली होती. सरकारी आराखड्यापेक्षा पुष्कळ कमी वीजनिर्मितीत लोकांच्या गरजा भागू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या पुण्यातल्या ‘प्रयास’ संस्थेनेही हाच विचार महाराष्ट्रात चिकाटीने चालवला आणि पंख्यासारख्या साध्या वस्तूवर वर्षानुवर्षे काम केले. ही माणसे मला मोठी वाटतात, कारण त्यांनी वीजबचत लोकांच्या स्वभावावर सोडून दिली नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. बचत खरेदीच्या वेळी ठरते हे मान्य केले, तर पुढचा प्रश्न असा की खरेदी करतो कोण? आणि बिल भरतो कोण? पुष्कळ ठिकाणी ही दोन वेगळी माणसे असतात.

भाड्याची खोली घ्या. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आणि उत्तर कर्नाटकातून आलेले कामगार या गावात खोल्या घेऊन राहतात. पंखा घरमालकाने बसवलेला असतो आणि तो त्याने सर्वांत स्वस्त घेतलेला असतो, कारण बिल त्याला भरायचे नसते. भाडेकरूने स्वतःच्या पैशाने महाग पंखा का लावावा? तो सहा महिन्यांनी खोली सोडणार असतो. दोघांनाही दोष देता येत नाही. दोघेही आपापल्या जागी शहाणपणानेच वागतात, तरी तो पंखा पंधरा वर्षे दुप्पट वीज खात फिरत राहतो.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० त्याहून महाग आणि पुढची सर्वांत महाग. पहिल्या टप्प्याच्या मानाने दुसऱ्याचा दर दुपटीच्या आसपास जातो. आता एकाच मीटरवर आठ खोल्या आहेत आणि प्रत्येक खोली महिन्याला पन्नास युनिटे वापरते असे समजा. प्रत्येकाचे वेगळे मीटर असते तर सगळे पहिल्या टप्प्यात राहिले असते. एका मीटरवर मिळून चारशे होतात आणि बिल तिसऱ्या टप्प्यात शिरते. मालक तोच खर्च सबमीटरवर वाटून देतो. गावातला सर्वांत कमी वीज वापरणारा माणूस अशा रीतीने युनिटामागे मध्यमवर्गीय घरापेक्षा जास्त पैसे मोजतो. हे मला अन्यायाचे वाटते आणि तसे स्पष्ट म्हणायला हवे.

टप्प्यांबद्दल एक गैरसमज मी सतत ऐकतो, तो इथेच दूर करतो. शंभराच्या वर एक युनिट गेले की सगळीच युनिटे महाग होतात, असे लोक समजतात. तसे नाही. वरच्या टप्प्यातली युनिटेच वरच्या दराने लागतात. पण याची दुसरी बाजू आपल्या उपयोगाची आहे. आपण जे युनिट वाचवतो ते नेहमी वरच्या, महाग टोकाचेच वाचते. बिलाची सरासरी काढून बचतीचा हिशेब केला तर तो कमी दिसतो. खरी बचत त्याहून जास्त असते.

दुकानांकडे वळू. काचेच्या दाराचा, आत दिवे लावलेला उभा फ्रिज आपल्याला प्रत्येक पानपट्टीत आणि किराणा दुकानात दिसतो. शीतपेयांच्या कंपन्या तो दुकानदाराला फुकट देतात, निदान फुकट दिल्यासारखा देतात. फ्रिज निवडला कंपनीने, वीज भरणार दुकानदार. काच उष्णता आत घेते, दार दिवसभर उघडझाक होते आणि दिव्यांची उष्णता आतच राहते. जुना फ्रिज असेल तर दिवसाला पाच युनिटांच्या पुढे सहज जातो. महिन्याला दीडशे युनिटे झाली, आणि तीही व्यापारी दराने. बाटल्यांवर सुटणाऱ्या नफ्यातून हे पैसे वजा करून पाहणारा दुकानदार क्वचितच असतो. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे, दाराचे रबर कागद धरून तपासणे, दुकान बंद करताना आतले दिवे मालवणे एवढे त्याच्या हातात आहे आणि त्याने ते जरूर करावे. पण फ्रिजचा दर्जा त्याच्या हातात नाही.

सदनिकांच्या इमारतीतही हेच दिसते. बिल्डर पाण्याचा पंप बसवतो, जिन्यातले दिवे बसवतो आणि निघून जातो. हजार लिटर पाणी वीस मीटर उंच चढवायला नियमाप्रमाणे ०.०५५ युनिट पुरावे. पण स्वस्त, जास्त क्षमतेचा आणि चुकीच्या उंचीसाठी घेतलेला पंप त्याच्या तिप्पट घेतो. गच्चीवरची टाकी ओसंडून वाहते तेव्हा पाण्याबरोबर वीजही गटारात जाते. आपल्या गावाला हे विशेष लक्षात ठेवावे लागेल, कारण कृष्णेचे पाणी दूरवरून उपसून आणलेले असते आणि ते घरात पोचण्याआधीच त्यावर वीज खर्ची पडलेली असते.

सराफकट्ट्यावर निदान निर्णय एकाच माणसाच्या हातात असतो. पन्नास वॉटचे वीस हॅलोजन दिवे असलेले शोकेस हजार वॉट घेते आणि ती सगळी उष्णता दुकानात सोडते. ती बाहेर काढायला एसीला आणखी सुमारे तीनशे वॉट लागतात. सात वॉटचे एलईडी लावले की दिव्यांचे आठशेसाठ वॉट वाचतात आणि एसीचेही बहुतेक वाचतात. दिवसाला दहा तास आणि महिन्याला सव्वीस दिवस धरले तर ही बचत तीनशे युनिटांच्या घरात जाते. इथे पैसा कोणी घालायचा हा प्रश्नच नसल्यामुळे अशा दुकानांनी हे बदल भराभर केले. पिठाच्या गिरणीतही मालकच सगळे पाहतो. जात्याला वेळेवर टाकी लावली नाही की दगड बोथट होतात, पीठ तापते, मोटर जास्त वीज ओढते. पट्टा सैल असला तर तो घसरतो आणि ती वीज रबर तापवण्यात जाते. जुन्याजाणत्या गिरणीवाल्याला हे मोटरच्या आवाजावरून कळते.

आणि आता या गावाचा जो प्राण आहे त्या धंद्याकडे येतो. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी या उद्योगाला पाठबळ दिले आणि एका लहान जहागिरीचे वस्त्रनगर झाले. आज ज्यांना आपण खर्चीवाले म्हणतो, ते या नगराचे खांब आहेत. ताण्याच्या सुताचा बीम व्यापाऱ्याचा, कापड व्यापाऱ्याचे, माग खर्चीवाल्याचे आणि मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर, मोजलेली. विजेचे बिल मात्र पूर्णपणे खर्चीवाल्याचे. मजुरी पिकाला इतके पैसे अशी ठरते. त्यात मोटर कोणती, तिने किती वीज खाल्ली, याला जागाच नसते. मंदी आली की मजुरी उतरते, बिल उतरत नाही.

साध्या मागावर एक हॉर्सपॉवरची मोटर असते. बहुतेक मोटरी जुन्या, एकदोनदा किंवा त्याहून अधिक वेळा रिवाइंड केलेल्या. मोटर जळाली की वाइंडिंगवाला जुनी तार काढायला तिचा स्टेटर तापवतो. उष्णता जास्त झाली की आतल्या लोखंडी पत्र्यांमधला इन्सुलेशनचा पातळ थर जातो. मोटर पुन्हा फिरते, माग पुन्हा चालतो, म्हणून कोणाला काही वाटत नाही. पण अशा प्रत्येक वेळी तिची कार्यक्षमता एक-दोन टक्क्यांनी खाली येते. मोटरीवर हात ठेवून पाहा. हाताला जो चटका बसतो त्याचे पैसे आपण भरलेले असतात.

हिशेब करू. मागाला प्रत्यक्ष फिरवायला अर्धा किलोवॉट लागतो असे धरू. सत्तर टक्के कार्यक्षमतेची जुनी मोटर त्यासाठी ०.७१ किलोवॉट घेईल. ब्याऐंशी टक्क्यांची, आयई-३ वर्गातली नवी मोटर ०.६१ घेईल. फरक किलोवॉटच्या दहाव्या हिश्श्याचा, नगण्य वाटणारा. पण माग दिवसाला वीस तास आणि महिन्याला पंचवीस दिवस चालतो. पाचशे तासांत एका मागावर पन्नासच्या वर युनिटे होतात. चोवीस मागांच्या कारखान्यात महिन्याला साडेबाराशे. सवलतीच्या दराने युनिटाला पाच रुपये धरले तरी सव्वासहा हजार रुपये होतात. नव्या मोटरीला आठ हजार रुपये पडले तर ती अडीच-तीन वर्षांत फिटते. हे सगळे खर्चीवाल्याला समजत नाही असे मानणाऱ्यांनी एकदा त्याच्याबरोबर बसून चहा घ्यावा. त्याला पैशापैशाचा हिशेब कळतो. त्याच्याकडे चोवीस मोटरींचे एक लाख ब्याण्णव हजार रुपये एकरकमी नसतात, एवढेच. शिवाय पुढच्या वर्षी माग चालतील की भंगारात जातील याची खात्री नसते. अशा माणसाने जुनी मोटर दीड-दोन हजारांत रिवाइंड करून घेतली तर तो त्याच्या परिस्थितीतला योग्यच निर्णय आहे.

२०१७ साली केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने आणि ईईएसएल या सार्वजनिक कंपनीने ‘साथी’ नावाची योजना जाहीर केली. तिच्यात इचलकरंजीचे नाव होते. मोटरी घाऊक घ्यायच्या, यंत्रमागधारकाकडून सुरुवातीला पैसे घ्यायचे नाहीत, वाचलेल्या बिलातून हप्ते वसूल करायचे, अशी तिची रचना होती. या रचनेत मला दोष दिसत नाही. खरेदी करणारा आणि बिल भरणारा यांच्यातली दरी बुजवायचा तो नेमका मार्ग आहे. पण हा मार्ग दिल्लीहून येण्याची वाट कशाला पाहायची, याबद्दल मी पुढे बोलणार आहे.

त्याआधी अनुदानाबद्दल थोडे. यंत्रमागाला सवलतीची वीज मिळावी, या मागणीच्या बाजूने मी आहे. त्याशिवाय हा धंदा टिकणार नाही. पण दरावरची सवलत दर महिन्याला द्यावी लागते आणि दर महिन्याला खर्चून संपते. तीच रक्कम एकदा मोटरीवर घातली तर बचत पुढची दहा-पंधरा वर्षे चालू राहते. आपल्या संघटना मोर्चे काढून दराची सवलत मागतात. त्यांनी त्याच निवेदनात मोटरींसाठी एकदाच द्यायच्या मदतीचे कलम घालावे. सरकारलाही ते सोयीचे आहे.

ज्यांच्याकडे एअरजेट माग आहेत, त्यांना एकच गोष्ट सांगतो. दाबाखालच्या हवेच्या पाइपला तीन मिलिमीटरचे एक भोक असले तर ते बुजेपर्यंत कॉम्प्रेसरचे साडेतीन किलोवॉटच्या आसपास काम वाया घालवते. रविवारी माग बंद असताना कॉम्प्रेसर चालू करून शेडमध्ये फक्त कान देऊन फिरा. सीं-सीं आवाज जिथे जिथे येईल तिथे खडूने खूण करा. यापेक्षा स्वस्त बचत या धंद्यात नाही.

कोणी म्हणेल, आपण पैसे भरतो, वीज विकत घेतो, मग इतका विचार का? मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून टाटांनी सह्याद्रीत धरणे बांधली. १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. पुढे मुळशीचे धरण आले, तेव्हा मावळच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे नेते होते. तो सत्याग्रह हरला, शेते पाण्याखाली गेली आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर चालू झाले. कोयनेचा पहिला टप्पा १९६२ चा, एकूण क्षमता आज १,९६० मेगावॉट. त्या पाण्याखाली कोणाची गावे गेली हे सातारा जिल्ह्यात अजून माणसे सांगतात. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राच्या आसपास राहणारे लोक कोळशाची धूळ आणि राख श्वासावाटे घेतात. कोळशाच्या केंद्रात एका युनिटामागे साधारण पाऊण किलोच्या आत-बाहेर कोळसा जळतो, आणि वाटेत तारांमधली गळती धरली तर घरी वाचलेले एक युनिट तिकडे एकाहून जास्त असते. परळीचे वीजकेंद्र फेब्रुवारी २०१३ मध्ये बंद ठेवावे लागले, कारण धरणात पाणीच उरले नव्हते. मराठवाड्यात त्या वर्षी माणसे टँकरच्या रांगेत उभी होती. वीज तयार करायला पाणी लागते हे तेव्हा सगळ्यांना दिसले. बिलात या माणसांचा वाटा कुठेही लिहिलेला नसतो. म्हणून पंधरा वर्षे दुप्पट वीज खाणारा पंखा ही मला घरमालक आणि भाडेकरू यांच्यातली खासगी बाब वाटत नाही.

याच्या जोडीला दुसरी गोष्टही तितक्याच जोराने सांगितली पाहिजे. भारतात दरडोई वीजवापर वर्षाला १,४०० युनिटांच्या आसपास आहे. जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे. ज्या घरात एक दिवा आणि एक पंखा आहे, त्या घराला काटकसर शिकवायचा अधिकार कोणालाच नाही. त्या घरात फ्रिज यायला हवा, पाण्याची मोटर यायला हवी, मुलांना रात्री अभ्यासाला उजेड हवा. त्यांची वीज वाढावी यासाठीच आधीच्या वापरातली नासाडी थांबायला हवी.

आता उपाय. ५ जानेवारी २०१५ ला ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि पुढे छत्तीस कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. ज्या दिव्याची खरेदी-किंमत २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपये होती, तीच घाऊक निविदांमुळे दोन-अडीच वर्षांत चाळीस रुपयांच्या खाली आली. लोकांचा स्वभाव त्या दोन वर्षांत बदलला नाही. बदलली ती खरेदीची पद्धत. पंख्यांना स्टार लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले, त्यामुळे दुकानात तुलना करणे सोपे झाले आहे. फ्रिज किंवा एसी घेताना नुसते तारे मोजू नका, लेबलवर वर्षाला किती युनिटे लागतील तो आकडा आणि वर्ष पाहा. निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुना पाच तारे मिरवणारा फ्रिज आजच्या मापाने दोन-तीन ताऱ्यांचा ठरू शकतो.

घाऊक खरेदी करायची ताकद आपल्या गावात आहे. कोल्हापूर जिल्ह्याला सहकार शिकवायला बाहेरच्या माणसाची गरज नाही. साखर, दूध, सूत, कर्ज हे सगळे आपण सहकारातून उभे केले. पतसंस्था दुचाकीला कर्ज देते, लग्नाला देते, सोनेतारण देते. पंख्याला आणि मोटरीला का देऊ नये? दोन पंख्यांचे सहा हजार रुपये तीस महिन्यांत फेडायचे ठरवले तर व्याजासह हप्ता साधारण वाचलेल्या बिलाएवढाच येतो. कर्जदाराच्या खिशातून जवळजवळ काही जात नाही आणि तारण म्हणून त्याचे वीजबिलच समोर असते. दोनशे घरांची मागणी एकत्र केली तर किंमत उतरते, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. महिला बचत गट हे काम पतसंस्थांपेक्षाही चांगले करतील, कारण घरातला पंखा आणि पाण्याची बादली यांचा हिशेब त्यांच्याच डोक्यात असतो.

२००५ च्या आसपास भारनियमनाच्या काळात राज्यातल्या अनेक गावांनी ‘अक्षय प्रकाश’ योजनेत भाग घेतला होता. संध्याकाळच्या वेळी कोणीही पंप, गिरणी आणि इतर जड उपकरणे चालवायची नाहीत आणि त्या बदल्यात गावाला दिव्यापुरती अखंड वीज मिळवायची, असा तो करार होता. एकाने मोडला तर सगळ्यांचा उजेड जाणार होता, म्हणून गाव स्वतःच लक्ष ठेवत असे. एकत्र येऊन वीज सांभाळणे आपल्या लोकांना जमते, याचा हा पुरावा आहे. ती अंधाराच्या भीतीने झालेली एकजूट होती. आज भीती नाही, पण पैसे वाचण्याची खात्री आहे.

मोटरींसाठी आणखी दोन अटी घालाव्या लागतील. बदललेली जुनी मोटर भंगारात मोडूनच टाकली पाहिजे. ती दुसऱ्याला विकली तर ती पलीकडच्या गल्लीत तितकीच वीज खाईल. आणि मजुरीच्या बोलण्यांमध्ये व्यापाऱ्यांनी मोटरींसाठी बिनव्याजी उचल द्यावी, ती पुढच्या मजुरीतून पिकामागे ठरवून कापून घ्यावी. कापड त्यांचे आहे, तेव्हा ते विणणाऱ्या मोटरीत त्यांचाही हात लागला पाहिजे. भाड्याच्या खोल्यांबाबत घरमालकांना माझी विनंती आहे: पंखे बदला, भाडे हवे तर महिन्याला पन्नास रुपये वाढवा. भाडेकरूचे बिल त्याहून जास्त उतरेल, त्यामुळे तो तक्रार करणार नाही. आणि व्यापारी संघटनेने शीतपेयांच्या फ्रिजबाबत एकत्र बसून एवढेच ठरवावे की वर्षाला किती युनिटे लागतात हे लेखी दिल्याशिवाय कोणीही फ्रिज दुकानात घ्यायचा नाही.

बचत झाली की नाही हे मोजल्याशिवाय पतसंस्था दुसऱ्या वर्षी कर्ज देणार नाही, आणि तिने देऊही नये. मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तिथले विद्युत शाखेचे विद्यार्थी मोजमापाचे काम शिकण्यासाठीच करतील. एका मागावर बदलापूर्वी आठवडाभर आणि बदलानंतर आठवडाभर मीटर लावायचा, पीक मोजायचे आणि हजार पिकामागे किती युनिटे लागली ते दोन्ही वेळचे आकडे शेडच्या दारावर लिहायचे. पहिल्या टप्प्यात पन्नास माग पुरेत. ज्या यंत्रमागधारकांची तयारी असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर मागच्या टेबलावरच्या वहीत शेडचा पत्ता, मागांची संख्या आणि मागच्या तीन महिन्यांची युनिटे लिहून ठेवावीत. मोजणी याच महिन्यात सुरू करू.